मांडाखालच्या दोन तारा

आडबंदरच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीच्या काचेला नाक लावून केतकी तांडेल उभी होती. आत टेबलावर तिची आई होती. आईच्या अंगावर हिरवी चादर होती आणि चादरीवर तीन बारीक पोलादी हात वाकले होते. हात यंत्राचे होते, पण त्यांना हलवणाऱ्या डॉक्टर सामंतबाई बसल्या होत्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात, घाटापलीकडे. तिथे त्यांनी बोट उचललं की इथे पोलादी बोट उचललं जायचं. आडबंदरात मोठी ऑपरेशनं अशीच व्हायची, त्यामुळे केतकीला त्याचं काही नवल नव्हतं. भीती मात्र होती.

सकाळी आईच्या पोटात कळ आली, तेव्हा "बाधलं असेल काहीतरी" म्हणत ती दुपारपर्यंत खाडीतली प्रवासी बोट चालवत राहिली. कुणाचं ऐकेल तर ती शैला तांडेल कसली! शेवटी सुकाणूवरच कोसळली. अपेंडिक्स (मोठ्या आतड्याला लोंबणारी करंगळीएवढी पिशवी) आतल्या आत फुटलं होतं. घाट चढून जायला वेळच उरला नव्हता.

बाहेर ढोल वाजत होते. होळीपौर्णिमा होती. मुंबई-पुण्याचे सगळे चाकरमानी गावात आले होते, सगळ्या होड्या समुद्रावरून परतून खाडीत उभ्या होत्या, आणि रानातून आंब्याचं उंच खोड खांद्यावर घेऊन माणसं नाचत निघाली होती.

आणि एकाएकी ते तिन्ही पोलादी हात थांबले.

एकाच्या चिमट्यात काहीतरी धरलेलं होतं, दुसऱ्यानं दिवा धरला होता, तिसरा नुसताच हवेत. केतकीला वाटलं, डॉक्टर विचार करत असतील. पण भिंतीवरच्या पडद्यावर सामंतबाईंचा चेहरा अर्धे डोळे मिटलेला तसाच थिजला होता. एवढा वेळ कुणी डोळे अर्धे मिटून बसतं का?

दार ढकलून वर्षा सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "नेट गेलं!"

"पण तारा दोन आहेत ना?" केतकी म्हणाली. "एक तुटली की दुसरी चालू होते. सरपंचांनी भाषणात सांगितलं होतं!"

"मलाही तेच सांगितलं होतं गं बाळा." सिस्टर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे वळल्या. "मनूताई, आत आमच्या डॉक्टर गिरकर आहेत. त्या भूल सांभाळतील, पण पोट उघडून आतलं काम करणं त्यांना येत नाही. अर्धा-पाऊण तास आम्ही शैलाला अशी ठेवू शकतो. त्यापुढे नाही."

मनूआजी म्हणजे केतकीच्या बाबांची आत्या. शिमग्याला मुंबईहून आल्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी नेटवर्क (एकमेकांना जोडलेल्या यंत्रांचं जाळं) उभारण्यात घालवली होती आणि त्या नोकरीत दोन गोष्टी कमावल्या होत्या, एक पांढरे केस आणि दुसरा भडका स्वभाव. त्या उठल्या.

"दोन तारा एका क्षणी तुटत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुटल्याच असतील तर त्या दोन नव्हत्याच. चल गं केतके, यंत्रखोली दाखव."

"मोबाइलवरून डॉक्टरांना फोन लावूया?"

"लाव की."

केतकीनं लावला. पडद्यावर सिग्नलच्या रेघा पूर्ण, पण फोन काही लागेना.

"लागणार कसा? तुझा फोन बोलतो गावच्या टॉवरशी, आणि टॉवर पुढे बोलतो त्याच तारांमधून. टॉवर जिवंत आहे, पण त्याचा गळाच दाबलाय कुणीतरी. आणि ती पंचायतीवरची उपग्रहाची छत्री कुठे गेली?"

"वादळात मोडली. दोन तारा आहेत म्हटल्यावर पुन्हा नाही बसवली."

मनूआजींनी कपाळावर हात मारला.

यंत्रखोलीत कोपऱ्यात कुर्ली बसली होती. कुर्ली म्हणजे खाडीतली खेकडी, पण ही कुर्ली पत्र्याची होती, सहा पायांची, पोळपाटाएवढी. तारा तपासणं आणि जोडणं हे तिचं काम. मुलं तिच्या पाठीवर भोपळा ठेवून शर्यती लावत असत, तरी ती बिचारी कधी तक्रार करायची नाही.

"कुर्ले, दोन्ही तारा तपास," मनूआजी म्हणाल्या.

"तपासते," कुर्ली म्हणाली आणि तिनं आपली नांगी भिंतीतल्या भोकात घातली.

"ती काय करतेय?" केतकीचं अर्धं लक्ष ऑपरेशनच्या खोलीकडेच होतं.

"या तारेत तांबं नसतं, केसासारखे काचेचे तंतू असतात. निरोप त्यातून उजेडाच्या लुकलुकीनं जातो. कुर्ली आता उजेडाची एक चुटकी आत सोडतेय. तंतू जिथे तुटलाय तिथे उजेड आपटणार आणि थोडासा माघारी येणार. विहिरीत हाक मारलीस की किती वेळानं आवाज परत येतो त्यावरून विहीर किती खोल ते कळतं ना? तसंच. उजेडाला परत यायला किती वेळ लागला, त्यावरून तार किती लांब तुटलीय ते समजतं."

"पहिली तार," कुर्ली म्हणाली, "चारशे बारा मीटरवर तुटलेली. दुसरी तार, चारशे बारा मीटरवर तुटलेली."

केतकी दचकली. "दोन्ही एकाच जागी?"

"मी दोनदा मोजलं," कुर्ली म्हणाली.

केतकीनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात दवाखान्यापासून चालायला लागली. रेशनचं दुकान. शाळेची भिंत. मोठी चिंच. त्यापुढे... त्यापुढे ढोल वाजत होते.

"मांड!" ती ओरडली. "आजी, होळीचा मांड!"

दोघी धावत सुटल्या. आजींचे गुडघे दुखत होते, पण त्यांनी त्या दिवशी गुडघ्यांना जुमानलं नाही. मांड म्हणजे गावाची सामाईक जागा, जिथे दर वर्षी होळीचं खोड उभं राहतं. तिथे खड्डा तयार होता, भोवती माणसं घामाघूम होऊन उभी होती, आणि मातीच्या ढिगावर काळ्या नळीचे दोन तुकडे पडले होते. सरपंच आपा कुबल हातात पहार घेऊन हसत होते.

"ये गो मनू! बघ, खड्डो कसो झकास झालो! मदी दोन मुळां लागली होती, तोडून टाकली."

"मुळं?" मनूआजींनी एक तुकडा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. आतून काचेचे तंतू बाहेर आले होते. "आपा, कुठल्या झाडाच्या मुळात काचेचे केस असतात रे? शैलाचं पोट उघडं आहे तिकडे, आणि डॉक्टरांचे हात तू पहारीनं तोडलेस!"

ढोल थांबले. आपांचा चेहरा राखेसारखा झाला. पहार त्यांच्या हातातून खाली पडली.

आता तुम्ही विचाराल, दोन्ही तारा होळीच्या खड्ड्याखालून कशाला नेल्या? माणसं वेडी होती का? अजिबात नाही. मागच्या शिमग्यानंतर तारा घालायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला की चर कुणाच्या जागेतून खणायचा. एकाच्या आवारातून न्यावा तर दुसरा रुसणार. तातू मोंडकरांच्या बागेतून दुसरी तार न्यायची म्हटली तर तातू म्हणाले, माझ्या माडांची मुळं तुटतील. त्यावरून केतकीचे बाबा रमाकांत आणि तातू यांचं एवढं वाजलं की वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. शेवटी तोडगा निघाला. मांड सगळ्यांचा. तिथे कुणाची हरकत नाही. शिवाय वर्षभर तिथे कुणी कुदळसुद्धा लावत नाही, म्हणजे गावातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच! पहिल्या तारेचा चर खणलेलाच होता, दुसरी तार त्याच चरात शेजारी झोपवली आणि वर माती ओढली. वर्षातून एक दिवस तिथे खड्डा खणतात, हे काही कुणी विसरलं नव्हतं. खड्डा होळीच्या खात्यात होता आणि तारा पंचायतीच्या खात्यात, एवढंच. दोन गोष्टी एकत्र कुणाच्या डोक्यात आल्या नाहीत.

"दोन तारा घालण्याला म्हणतात रिडंडन्सी (एक वाट बंद पडली तरी काम अडू नये म्हणून केलेली जादा सोय)," मनूआजी धापा टाकत केतकीला म्हणाल्या. "पण जादा सोय तेव्हाच खरी, जेव्हा एकीला मारणारी गोष्ट दुसरीला मारू शकत नाही. या दोन तारांवर एकच पहार पडू शकत होती. म्हणजे कागदावर दोन, आणि जमिनीत एक."

"कुर्ले, जोडायला किती वेळ?" केतकीनं विचारलं. कुर्ली तुरुतुरु मागून आली होती.

"तंतू पुष्कळ आहेत. रात्र होईल."

केतकीला रडू फुटलं. रात्र! आईकडे अर्धा तास होता. मनूआजींनी तिचे खांदे धरले.

"रडायचं ते नंतर दोघी मिळून रडू. आधी मला सांग, या गावातून बाहेर बोलणारं, आणि या तारांना न चिकटलेलं, असं काय आहे? मी आता परगावची. तुला गाव ठाऊक आहे."

केतकीनं नाक पुसलं. समोर खाडी होती. पाणी ओहोटीला लागलं होतं आणि रंगीत झेंडे लावलेल्या होड्या एका घोळक्यात उभ्या होत्या.

"होड्या," ती म्हणाली. "होड्यांवर रेडिओची पेटी असते. आई त्याच्यावरून खाडीपलीकडच्या पैलबंदरच्या तिकीटखिडकीशी बोलते, बोट वळणापलीकडे गेली की. इथून नाही लागत, मध्ये कडा येतो."

"पैलबंदरचं नेट आपल्याच तारेवर?"

"नाही! त्यांची तार दुसऱ्या तालुक्यातून येते."

मनूआजींनी तिचा गालगुच्चा घेतला, चांगला जोरात. "शाब्बास. मग कडा ओलांडायची गरज नाही. कड्याला वळसा घालू."

धक्का दवाखान्याच्या पाठीमागेच होता. कुर्लीनं दवाखान्याच्या भिंतीतून एक वायर ओढत आणली आणि ती धक्क्याच्या टोकाला बसली. मनूआजींनी केतकीच्या आईच्या बोटीवरचा रेडिओ उचलला आणि मांडावरून आपापल्या होड्यांवर धावलेल्या सगळ्यांना एकदम सांगितलं, काय झालंय आणि काय हवंय.

"पेटीला सांगायचं, की तुझा नसलेला निरोप आला तर टाकून देऊ नकोस, पुढच्या होडीला दे. हिरवं बटण दाबून धरा, झालं. आणि एकमेकांपासून लांब लांब उभे राहा. घोळका नको, रांग हवी. इथून पैलबंदरपर्यंत."

सगळ्यात आधी केतकीच्या बाबांची होडी सुटली. सकाळपासून ते होळीचं खोड आणायला रानात होते; बातमी कळताच खोड टाकून धावत आले होते, अंगावर गुलाल तसाच होता. त्यांच्यामागून बाकीच्या निघाल्या. वळणावर, जिथून दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं, तिथे आपा कुबलांची मोठी होडी 'भद्रकाली' जाऊन उभी राहिली. होड्यांच्या आता दोन रांगा झाल्या होत्या, एक कड्याच्या बाजूनं, एक मधल्या पाण्यातून.

"दोन रांगा का?" केतकीनं विचारलं.

"डॉक्टरांनी बोट हलवलं की त्याचा निरोप निघतो. त्याच्या बारीक पुड्या होतात. पॅकेट (पत्ता आणि क्रमांक लिहिलेली निरोपाची पुडी) म्हणतात तिला. पेट्या सारख्या एकमेकींना विचारत असतात, 'आहेस का? आहेस का?' शेजारणीनं उत्तर दिलं नाही, की पुडी दुसऱ्या रांगेतून पाठवायची. आणि पुड्या मागेपुढे पोचल्या तरी क्रमांक पाहून पलीकडे नीट लावून घेता येतात. माणसानं सांगावं लागत नाही, जाळं आपणच वाट शोधतं."

कुर्लीच्या पाठीवर छोटा पडदा होता. त्यावर प्रत्येक होडी म्हणजे एक ठिपका, आणि बोलणाऱ्या दोन ठिपक्यांमध्ये हिरवी रेघ. रेघा एकेक करत उमटत गेल्या. धक्का, बाबांची होडी, त्यापुढची, त्यापुढची, वळण, आणि मग शेवटची रेघ पैलबंदरच्या तिकीटखिडकीला टेकली. तिथून पुढे पैलबंदरचं नेट थेट जिल्ह्याच्या हॉस्पिटलापर्यंत जात होतं.

रेडिओत खरखर झाली आणि डॉक्टर सामंतबाईंचा आवाज आला.

"आडबंदर, ऐकू येतंय? मला आतलं चित्र दिसतंय. पण सुरू करण्याआधी एक सांगा. आता मी ज्या जागी हात घालणार आहे तिथे रक्तवाहिनी आहे. एकदा चिमटा लावला की गाठ मारून होईपर्यंत मला थांबता येणार नाही. मध्येच हात थिजले, तर रक्त थांबवायला तिथे कुणी नाही. तुमची वाट पक्की आहे का? हो की नाही, एका शब्दात सांगा."

मनूआजींनी रेडिओ तोंडाजवळ नेला. "दोन रांगा आहेत," त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं.

केतकी पडद्याकडे बघत होती. कड्याकडची रांग. मधली रांग. दोन्हींवर बोट फिरवत ती वळणापाशी आली, आणि तिचं बोट थांबलं. दोन्ही रेघा एकाच मोठ्या ठिपक्यात शिरत होत्या आणि त्याच ठिपक्यातून बाहेर पडत होत्या.

"नाही!" ती किंचाळली. "आजी, हो म्हणू नका! दोन्ही रांगा भद्रकालीतून जातात! हा मांडच आहे! पुन्हा मांडच केलाय आपण!"

मनूआजींनी पडद्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि दहा वर्षांच्या पोरीला दिसलं ते त्यांना घाईत दिसलं नव्हतं.

"डॉक्टर, थांबा. नाही," त्या रेडिओत म्हणाल्या. "अजून नाही. पाच मिनिटं द्या." मग केतकीकडे वळून म्हणाल्या, "वळणावर आणखी एक होडी हवी. भद्रकालीपासून लांब, वेगळ्या पाण्यात. कुठे उभी राहील?"

"पलीकडच्या बाजूला, कांदळवनाला लागून. पण तिथे पाणी उथळ आहे. मोठी होडी रुतेल. तिथे फक्त 'पाकोळी' जाते. सपाट बुडाची." केतकी घुटमळली. "पाकोळी तातूकाकांची आहे."

तातू मोंडकर आपली होडी आपल्या बागेच्या काठाला बांधून बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मांडावरही नव्हतं बोलावलं.

केतकीनं आजींच्या हातातून रेडिओ घेतला. "तातूकाका, ऐकताय का?"

आधी नुसती खरखर.

"कोण गो तू?"

"मी केतकी. शैला तांडेलची."

"ऐकतंय मगासपासून सगळा. तुज्या बापसाक तोंड नाय काय? पोरीक पुढे केल्यान?"

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रेडिओत दुसरा आवाज आला, लांबून, वाऱ्यात फाटलेला. तो बाबांचा होता.

"तातू, मी बोलतोय. रमाकांत. चुकलं माझं. माझ्या बायकोसाठी ये रे."

खरखर. मग इंजिनाचा फटफट आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजातूनच तातू म्हणाले, "शैलान माज्या म्हाताऱ्या आवशीक भर वादळात पैलतीराक नेलेली, ता मी इसरलंय काय? येडे रे तुमी सगळे. पोरी, खंय उभो ऱ्हवू, ता तेवढा सांग."

कांदळवनाच्या हिरव्या भिंतीला लागून पाकोळी जाऊन थांबली. पडद्यावर एक नवा, छोटासा ठिपका उमटला. त्याला चार रेघा फुटल्या, दोन अलीकडे आणि दोन पलीकडे. आता केतकीनं एका ठिपक्यावर बोट ठेवून तो झाकला, तरी धक्क्यापासून पैलबंदरला वाट उरत होती. दुसरा झाकला, तरी उरत होती. तिनं प्रत्येक ठिपका झाकून पाहिला.

"दोन्ही टोकं मात्र एकेकच आहेत," ती म्हणाली. "कुर्ली आणि तिकीटखिडकी."

"ती आज आपल्याला बदलता येत नाहीत," मनूआजी म्हणाल्या. "मग काय करायचं? तिथून नजर हलवायची नाही. कुर्लीला तू सांभाळ. पैलबंदरला खिडकीपाशी दोन माणसं उभी केलीत मी." आणि त्यांनी रेडिओ तिच्या हातात दिला. "तू सांग डॉक्टरांना."

केतकीनं श्वास घेतला. "डॉक्टर, हो."

"सुरू करते," सामंतबाई म्हणाल्या.

आपा नव्हते, ते भद्रकालीवर होते, पण मांडावरची बाकी सगळी माणसं पाण्याच्या काठाला येऊन उभी राहिली होती, गुलालाची तोंडं घेऊन. केतकी कुर्लीशेजारी फळ्यांवर बसली. तिनं एक हात कुर्लीच्या पत्र्याच्या पाठीवर ठेवला होता, कुर्ली कुठे पळून जाणार होती थोडीच, पण तिला तसं बरं वाटत होतं. खाडीचं पाणी उतरत होतं. पौर्णिमेची ओहोटी, ती एरवीपेक्षा जास्तच उतरते. वाळूच्या पाठी पाण्यातून वर यायला लागल्या.

आणि तिला ते दिसलं. भद्रकालीचा झेंडा हळूहळू तिरका होत होता.

"रुतली! भद्रकाली रुतली!" काठावरून कुणीतरी ओरडलं. रेडिओत आपांचा आवाज आला, "इंजिनात वाळू गेली... पेटी..." आणि आवाज मध्येच तुटला. होडी एका कुशीवर कलली. पडद्यावरचा तो मोठा ठिपका एकदा लुकलुकला आणि विझला. त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या रेघा गेल्या.

चिमटा! आता चिमटा लावलेला असेल! "आजी, कुर्लीपाशी बसा!" म्हणत केतकी उठली आणि धक्क्यावरून दवाखान्याकडे धावत सुटली, मागचं दार ढकललं, आणि काचेला नाक लावलं.

तिन्ही पोलादी हात हलत होते. एकानं दोरा ओढला, दुसऱ्यानं धरला, तिसऱ्याचा दिवा किंचित वळला. पडद्यावर सामंतबाई मास्कमधून वर्षा सिस्टरांना म्हणत होत्या, "थोडा कापूस. हां, तिथेच." त्यांच्या आवाजात काहीच फरक नव्हता. बाहेर एक अख्खी होडी जाळ्यातून निखळून पडली होती, आणि आत कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. गाठ बसली. चिमटा सुटला. रक्त आलं नाही.

केतकी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि मग मात्र मनसोक्त रडली. काम झाल्यावर मागून लंगडत आलेल्या मनूआजी तिच्याशेजारी बसल्या. ठरल्याप्रमाणे दोघी मिळून रडल्या.

त्या संध्याकाळी आडबंदरची होळी उशिरा उभी राहिली. आपांना आणि त्यांच्या माणसांना गुडघाभर चिखलातून चालत आणावं लागलं, भद्रकाली भरतीची वाट बघत कुशीवर पडून राहिली. कुर्ली मांडाजवळ बसून एकेक तंतू जोडत होती, आणि खड्डा तिच्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला खणला गेला. खणण्याआधी आपांनी तिला विचारलं, "इथे काय नाय ना गो?" तेव्हा कुर्ली म्हणाली, "आता विचारलंत, आभारी आहे." सगळे हसले, आपाही हसले, पण त्यांचे डोळे ओले होते.

एक तार मांडाखालीच राहणार होती. दुसरी कुठून न्यायची यावर मांडावरच बोलणं निघालं, तेव्हा तातू मोंडकर गर्दीच्या मागून म्हणाले, "माज्या बागेतसून न्या. पण हातान खणा, मशीन नको. आणि रमाकांता, चर तूच खणायचो." बाबांनी मान डोलावली. मनूआजींनी लगेच विचारलं की उपग्रहाची छत्री कधी बसवताय, आणि होड्यांच्या पेट्या कायमच्या जाळ्यात जोडायला काय हरकत आहे. खाडीकाठच्या सगळ्या गावांनी असं केलं, तर एक वादळ सगळ्यांना एकदम मुकं करू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. केतकी ऐकत होती आणि बोटानं वाळूत ठिपके काढत होती. प्रत्येक ठिपका झाकून बघत होती.

सकाळी आईनं डोळे उघडले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर नेहमीचीच होती, कुणाचं न ऐकणारी.

"एवढी माणसं का जमलीत बाहेर?" ती म्हणाली. दारात बाबा होते, आणि त्यांच्याशेजारी, खांद्याला खांदा लावून, तातूकाका. आईनं दोघांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "ऑपरेशन चालू असताना झालं काय?"

केतकीनं आईचा हात दोन्ही हातांत धरला.

"आई, काहीच झालं नाही," ती म्हणाली. "काहीच होऊ दिलं नाही आम्ही."